जुम्याची रात

राजिवड्याच्या कुलसुमबीने ओटीच्या पायरीवर बसकण मारली आणि पदर खोचला.

"मी उठायची नाय, रावजीभट. आधी ती ओळ खोडा."

रावजीमामांनी चष्म्यावरून पाहिले. छापखान्याचा माणूस दुपारी हस्तलिखित न्यायला येणार होता. किनाऱ्यावरच्या लढायांचा इतिहास. रत्नागिरीत एकतीस साली त्याची केवढी चर्चा! शके, हिजरी आणि इंग्रजी सालांची सांगड घालायचे किचकट काम भाची गोदाने केले होते. पुस्तकात तिचे नाव कुठेच नव्हते. लहानपणीच विधवा होऊन मामांकडे आलेली मुलगी, तिचे नाव कशाला लागते?

ओळ मात्र मामांची होती. खाडीच्या तोंडाशी लढाई झाली ती गुरुवारी रात्री, असे किल्लेदाराचे पत्र सांगत होते. त्या लढाईत एका गलबताचा तांडेल असलेला कुलसुमबीचा पूर्वज कासीम गेला जुम्याच्या रात्री, असे राजिवड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. जुमा म्हणजे शुक्रवार. म्हणजे लढाईच्या दुसऱ्या दिवशी रात्री तो घरी मेला, लढाई सोडून पळाला, असे मामांनी लिहिले. व्याख्यानातही ठणकावून सांगितले. तेव्हापासून मासळीबाजारात कुलसुमबीच्या नातवांना 'पळपुटे' हेच नाव पडले होते.

"तो कधी गेला, ते तूच सांग ना," मामा म्हणाले.

"जुम्याच्या राती. दर जुम्याच्या राती आम्ही त्याच्या कबरीवर दिवा लावतो."

"आज शुक्रवार. म्हणजे आज लावशील."

"आज कशाला? काल लावला की!"

मामा पोट धरून हसले. "ऐक गो गोदे! यांचा शुक्रवार गुरुवारीच येतो. वार धड ठाऊक नाहीत नि मला इतिहास शिकवतेय!"

"हसा, हसा. आमचा तांडेल काय तुमचं पंचांग बघून मेला?"

गोदा चमकली. हिजरी महिन्यांचे कोष्टक तिनेच मांडले होते. संध्याकाळी चंद्र दिसला की महिना लागतो. महिना संध्याकाळी लागतो, मग दिवस?

"मामा, तिला वार बरोबर ठाऊक आहेत. सूर्य बुडाला की त्यांचा नवा दिवस लागतो. आपली गुरुवारची रात्र ती त्यांची जुम्याची रात. तो लढाईतच पडला."

मामांचे हसू ओसरले. "दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय. शास्त्र आहे ते."

"आपलं. तो त्याच्या दिवशी मेला."

"भर सभेत बोललोय मी! आता बाजारात तोंड कसं दाखवू?"

"चाचीचे नातू दाखवतात तसं."

मामा ताडकन उठले. "एवढी शहाणी झालीस, तर तूच लिही. आणि खाली नाव घाल स्वतःचं. लोक हसले तर तुला हसू देत."

नावाच्या धाकाने पोर गप्प बसेल, असे त्यांना वाटले असावे. ते आत निघून गेले.

गोदाने ओळ खोडली. रात्र कोणाची कधी सुरू होते, ते समासात नीट लिहून काढले आणि खाली 'गोदावरी' अशी सही केली. रिवाजाप्रमाणे पुढे नवऱ्याचे नाव यायचे. त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. तिने तिथेच टिंब दिले.

दुपारी छापखान्याचा माणूस पाने चाळताना अडखळला.

"बाई, हे नाव अर्धंच राहिलंय."

"पुरं आहे," गोदा म्हणाली. "तसंच छापा."