डावा अंगठा

मेंदूवर संशोधन करणारी जूडिथ माझ्या नवऱ्याचा डावा हात आधी आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायची, मग प्रयोग सुरू करायची. "गार हाताला वस्तू नीट ओळखता येत नाही, मिसेस टब्स," म्हणायची. गार हात! तेही कॅलिफोर्नियातल्या ऑगस्टमध्ये! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वेंडेलला फिट्स यायच्या. गोळ्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल कापला. फिट्स थांबल्या, पण नवऱ्याचे दोन झाले. डावा भाग बोलका, उजवा मुका, आणि डावा हात त्या मुक्याच्या ताब्यात. उजव्या हाताने शर्टाची बटणं लावावीत, तर डाव्याने ती काढावीत. "का रे?" म्हटलं की तोंड बेधडक सांगायचं, "उकडतंय." खरं कारण त्याला ठाऊकच नसायचं, पण गप्प बसेल तर शपथ.

तेच तोंड रोज म्हणायचं, "ओपल, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!" त्याचं मला काय कौतुक? मला त्या मुक्याच्या मनातलं हवं होतं.

एकदा जूडिथने ओळखीच्या चेहऱ्यांचे फोटो मागितले. मी माझा दिला, सासूबाईंचा दिला, आणि मुद्दाम तिचाही दिला, आमच्या अंगणात बसून माझ्याच हातचा लिंबाचा केक खातानाचा.

"अय्या, हा माझा कशाला?" ती लाजली.

"ओळखीचाच चेहरा ना? घाला. आणि आज मीही आत बसणार."

"पण आमचे नियम..."

"नवरा माझा आहे, बाई. नियम ठेवा गुंडाळून."

मी समोरचा पडदा दिसेल अशी वेंडेलच्या पाठीमागे बसले. त्याने मधल्या ठिपक्यावर नजर लावायची. फोटो ठिपक्याच्या डावीकडे क्षणभर चमकणार, म्हणजे तो फक्त मुक्याला दिसणार. आवडला तर डावा अंगठा वर, नाही तर खाली. हात जूडिथने चोळलाच.

सासूबाई चमकल्या. अंगठा वर.

मी चमकले. अंगठा हलला, अर्ध्यावर आला, आडवाच राहिला. इतकी वर्षं याने फिटमध्ये जीभ चावू नये म्हणून रात्रंदिवस जागले ती मी, आणि हा असा आडवा!

मग जूडिथ चमकली. अंगठा ताठ वर गेला. वेंडेलचे कान लाल झाले आणि तो लग्नाच्या दिवशी हसला होता तसा हसायला लागला.

जूडिथचा आवाज बारीक झाला. "काय दिसलं, वेंडेल?"

"काही नाही. नुसता उजेड."

"मग हसताय कशाला?"

तो गोंधळला. मग मान वळवून त्याने मला शोधलं, आणि त्याच्या तोंडाला कारण सापडलं. "ओपलचा फोटो असणार! तिला पाहिलं की मला असंच होतं. तूच होतीस ना गं?"

जूडिथ माझ्याकडे बघत होती. तिच्या झिंज्या उपटायला माझे हात शिवशिवत होते. पण वेंडेलचा चेहरा इतका निर्मळ होता, की त्यात खोटं शोधूनही सापडलं नसतं.

"हो रे," मी म्हटलं. "मीच होते."

त्याने खुशीत उजवा हात माझ्यापुढे केला. मी तो धरला. डावा टेबलावरच होता, अंगठा अजून वर.