मागून कापलेली वर्दी

मी कात्री बोलतेय. कात्रीनं तोंड उघडलं म्हणजे काहीतरी कापलं जाणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. मी आयुष्यभर मुकाट्यानं कापत आले. आज बोलतेय, कारण जिच्या हातात मी जगले ती आता नाही, आणि तिच्याबद्दल लोक जे बोलतात ते मला ऐकवत नाही.

मी शिंप्याची नाही, न्हाव्याचीही नाही. मी पट्ट्या कापायची कात्री. माझं खालचं पातं टोकाला चपटं आणि बोथट आहे, म्हणजे कापड आणि कातडी यांच्यामधून सरकताना जखमी माणसाला टोचत नाही. कारखान्यातून निघाले ती थेट सैन्याच्या इस्पितळात गेले. तिथे नव्यानं भरती झालेल्या एका परिचारिकेच्या कमरेच्या खिशात मला जागा मिळाली. सगळे तिला सिस्टर म्हणत.

लढाई सुरू झाली तेव्हा आम्ही आघाडीच्या मागे एका तंबूत होतो. आलेल्या माणसाचे कपडे काढत बसायला वेळ नसे. बुटापासून सुरुवात करून शिवणीच्या कडेनं मी वर वर जायची. एकदा एक जवान ओरडला, "सिस्टर, पँट कापू नका हो, नवी आहे!"

"पायाची नाही, पँटची काळजी? लग्नाला निघालायस का?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता मला गुडघ्याच्या वर नेलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. त्याच्या फासळ्या मोडल्या होत्या, त्यामुळे हसून झाल्यावर त्यानं तिला शिव्या दिल्या.

जे वाचले नाहीत त्यांचंही काम आमच्याकडेच असे. ताठलेल्या देहाला वर्दी घालता येत नाही. मग ती स्वच्छ वर्दी घ्यायची, मला पाठीवरून मानेपासून खालपर्यंत चालवायची, वर्दी पुढून अंगावर चढवायची आणि कापलेल्या कडा पाठीखाली सारायची. बटणं लावायची, कॉलर सरळ करायची. पेटी उघडली की घरच्यांना आपला माणूस अख्खा दिसला पाहिजे, हा तिचा हट्ट. "बाकीचं मी बघितलंय," ती म्हणायची. "तेवढं पुरे."

तिला एक मुलगा होता. नवरा लवकर गेला, म्हणून मुलगा आत्याकडे वाढत होता. सुट्टीवर घरी गेली की तो आत्याच्या पाठीमागे लपायचा. ती त्याला मांडीवर घ्यायला जायची, तर तो अंग चोरायचा. "परत कधी जाणार?" एवढंच विचारायचा. तारीख कळली की मग तो तिच्याशी बोलायचाच नाही. एवढ्याशा पोराला कळत होतं, की जाणाऱ्या माणसाला जीव लावू नये.

निवृत्त होऊन ती घरी आली तोवर मुलाला मिसरूड फुटलं होतं. आता त्याला आईची गरज नव्हती, किंवा तो तसं दाखवत होता. पुढे त्याचं लग्न झालं, नात झाली, आणि मुलाचं जे जे राहून गेलं ते सगळं तिनं नातीवर ओतलं.

माझेही दिवस पालटले. मी नातीच्या कपाळावरचे केस कापले, तिच्या पुठ्ठ्यांची घरं कापली, सोलवटलेल्या गुडघ्यासाठी चिकटपट्ट्या कापल्या. शाळेत निघताना आजी तिला दारात उभी करायची. "नखं दाखव. नाडी बांध. मान वर." पोरगी ताठ उभी राहून सलाम ठोकायची आणि दोघी हसत सुटायच्या. शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला आजी पहिल्या रांगेत. नातीला नाटकात झाडाचं काम होतं, तरी ही टाळ्या वाजवून थकली.

"माझ्या शाळेत एकदा तरी आली होतीस?" मुलानं त्या दिवशी जेवताना विचारलं.

"नव्हते आले," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार? जखमी माणसांना टाकून यायचं होतं का, असं ती म्हणू शकली असती. पण दुखणाऱ्या माणसाशी वाद घालायची तिला सवय नव्हती.

नात मोठी झाली, कॉलेजात गेली. एका दुपारी तिनं कपाटातून आजीची वर्दी काढली. आजीनं हौसेनं अंगात घातली, पण बटण काजाच्या जवळसुद्धा जाईना.

"शत्रूला जमलं नाही ते घरच्या जेवणानं केलं बघ," आजी म्हणाली. मग पलंगावर बसली आणि साध्या आवाजात सांगू लागली. "मी गेले ना, की मला हीच घाल. मागून काप. पुढून सगळं नीट दिसतं. मी कितीजणांना असंच घरी पाठवलंय."

"आजी, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. बाकी माझं काही मागणं नाही."

संध्याकाळी तिनं मुलालाही सांगितलं. तो मोबाइल चाळत होता. "बघू," म्हणाला.

ती गेली एका सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. नातीनं डोळे पुसले, कपाट उघडलं आणि मला हातात घेतलं. वर्दी पालथी अंथरून मानेपासून कापायला लागली. रेघ सरळ होती. मी शेवटच्या टाक्यापर्यंत पोचले, तेवढ्यात तिचे बाबा आत आले.

"हे काय चाललंय?"

"आजीनं सांगितलं होतं. तुम्हालाही सांगितलं होतं."

"नवीन साडी आणायला माणूस गेलाय. ठेव ते."

"बाबा, ती एवढं एकच मागत होती!"

"मीही एकच मागत होतो!" त्याचा आवाज फाटला. "या कपड्यांनी माझी आई नेली. आता जाताना तरी ती माझी आई म्हणून जाऊ दे."

त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण त्या दिवशी मेलं कोण होतं? ती तिथेच निजलेली होती, आणि तिच्यासमोर तो आपलाच जुना हिशेब चुकता करत होता. सुनेनं नातीच्या हातातून वर्दी हळूच काढून घेतली. "जाऊ दे गं, लोक जमलेत."

तिला नव्या साडीत नेलं. चार दिवसांनी घरासमोरच शोकसभा झाली. मुलगा बोलायला उभा राहिला. "आईनं आयुष्यभर घराशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. मायाळू, घरगुती बाई. नातीत तिचा जीव." माणसं माना डोलवत होती. त्याला जी आई हवी होती तिचं त्यानं वर्णन केलं, आणि ते सगळ्यांनी खरं मानलं. मागच्या रांगेत काठी टेकून एक म्हातारा बसला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "मी चुकून दुसऱ्याच सभेला आलो की काय?" मग तो उठून लंगडत निघून गेला. त्याला थांबवायला नात बाहेर धावली, तोवर त्याची रिक्षा गेली होती.

परत आल्यावर ती बापाशी भांडली नाही. तो मात्र उशिरा तिच्याजवळ जाऊन बसला. "तुला ती काय काय सांगायची गं?"

"तुम्ही विचारलं असतं, तर तुम्हालाही सांगितलं असतं," ती म्हणाली. महिन्याभरात तिनं दुसऱ्या गावी नोकरी धरली आणि वर्दी घेऊन निघून गेली. मला न्यायला विसरली, की नेववलं नाही, ते मला ठाऊक नाही.

आता मी स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात असते. मुलगा रोज सकाळी दुधाची पिशवी कापायला मला बाहेर काढतो. जिथे तिच्या बोटांनी मला झिजवलं, तिथेच त्याची बोटं बसतात, अगदी मापात. त्याच्या ते लक्षात येत नाही. पिशवी कापून झाली की तो मला पाण्याखाली धरतो आणि खणात टाकतो.

तुम्ही कधी या घरी आलात आणि चहा पिताना तो आईबद्दल बोलू लागला, तर ऐकून घ्या. मग एकदा तरी विचारा, की तुमची आई काय काम करायची. तो काय सांगतो ते मला खणातून ऐकू येईल.