माझ्या जागेवरची काळी डबी

मी मोर्सची कळ बोलतेय. रेडिओला जोडलेली. बोटानं मला दाबलं की हवेत शिट्टी उमटते, उचललं की थांबते. आखूड दाब म्हणजे टिंब, लांब दाब म्हणजे रेघ, आणि टिंबारेघांची झाली अक्षरं. एवढंच माझं शिक्षण. पण एवढ्या भांडवलावर मी समुद्रापार गप्पा मारल्या आहेत. आणि आज माझ्या जागेवर एक काळी डबी बसली आहे, जिला धड एक बटणही नाही! सांगते सगळं. सांगितल्याशिवाय ही जळजळ काही शमायची नाही.

माझा जन्म लेथवरचा. आमच्या मालकांच्या मामांनी एका जुन्या नळाच्या पितळेतून मला कातून काढलं आणि भाच्याला दिलं. मालकांचा धंदा कवळ्या बनवायचा. बोटं टेकायची माझी बोंडी त्यांनी स्वतः केली, कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी प्लास्टिकच्या करतात त्याच्यातूनच. येणारे-जाणारे हसायचे.

"अहो कवळीवाले, ही चावते का?"

"छे, बोलते," मालक म्हणायचे. "तोंड आहे ना तिला!"

आणि खरंच बोलायचे मी. मालक दिवसभर दुसऱ्यांचे दात घासत, कोरत. संध्याकाळी हात धुऊन माझ्यापाशी येत. मनगट टेबलावर टेकलेलं, बोटं माझ्यावर अलगद. कधी घाई नाही, कधी चूक नाही. हौशी रेडिओवाल्यांत त्यांच्या हाताचं नाव होतं. ठोक्यावरूनच लोक ओळखायचे, जसं घरातल्याला चपलेच्या आवाजावरून ओळखतात.

सगळ्यांत लाडके दोस्त म्हणजे बोटवाले. जहाजावर इंजिनिअर होते, निवृत्त होऊन दूरच्या एका बेटावर राहायला गेलेले. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण रविवार सकाळ म्हणजे बोटवाले, हे ठरलेलं. गुडघेदुखी, मासे, मुलांची लग्नं, काहीही चालायचं. आणि सगळं माझ्यातून जायचं बरं का!

मालकीणबाई टायपिंगचे वर्ग घेत. त्यांना आमच्या खोलीचं वावडं. दारातूनच म्हणायच्या, "झाली का हो कडकट्ट? माझ्या सवतीला म्हणावं, नवरा जेवायला सोड." मालक हसायचे आणि माझ्यावर आणखी दोन ठोके द्यायचे. मला किती फुगायला व्हायचं म्हणून सांगू! बाईंना नुसता नवरा होता. त्याची बोटं माझी होती.

मग ती बोटं बदलली.

आधी चहा बशीत सांडू लागला. मग एक कवळी परत आली, बसत नाही म्हणून. मालकांची कवळी कधी परत आली नव्हती. डॉक्टरांनी हाताच्या कंपाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. मला कुणी सांगायची गरज नव्हती. एक टिंब द्यायला जावं तर तीन उमटत, रेघ मध्येच तुटे. मी माझ्या परीनं स्प्रिंग घट्ट धरून पाहिली. पण पितळ ते पितळ.

एका रविवारी बोटवाल्यांनी गमतीत विचारलं, "तुझ्या खुर्चीत कोण बसलंय रे? शिकाऊ आहे वाटतं. मालकाला बोलव."

मालकांनी कानावरचे हेडफोन काढले, रेडिओ बंद केला, आमच्यावर टॉवेल टाकला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर त्या घरात कुणी मोठ्यानं बोलेना. दुकान बंद झालं. मालक खिडकीशी बसत. बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना फोन तरी करा, नाहीतर ईमेल." मालक म्हणाले, "ईमेल कुणीही करतं. आम्ही हवेतून भेटणारी माणसं. आता नाही जमत तर नाही."

शेवटी बाईंनी भावाच्या मुलीला बोलावलं. ही भाची मोबाईल दुरुस्त करते. कानावर पेन्सिल खोचलेली, जिभेला हाड नाही. तिनं टॉवेल उचलला, माझी वायर उपसली, मला फळीवर ठेवलं, आणि खिशातून ती काढली. काळी डबी. तिची एक शेपटी रेडिओत, दुसरी लॅपटॉपमध्ये.

"काका, कॉम्प्युटरचा आवाज हिच्यातून रेडिओत जातो आणि रेडिओतला कॉम्प्युटरमध्ये येतो. हात स्थिर असायची गरजच नाही."

पडद्यावर निळा धबधबा सुरू झाला. त्यात पिवळ्या रेघा. एकेक रेघ म्हणजे कुठलंतरी स्टेशन, इतकं क्षीण की कानाला नुसती खरखर. कॉम्प्युटर मात्र त्या खरखरीतून नावं वेचत होता, तांदळातून खडे वेचावेत तसा. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण मालकांचं तोंड वाकडंच. तो प्रकार आपोआप चालायचा: इकडून कॉलसाइन, म्हणजे ज्याचं त्याचं हवेतलं नाव, तिकडून कॉलसाइन, आवाज किती पोचला त्याचा आकडा, की संपलं. "ह्या काय गप्पा? ही तर शाळेतली हजेरी!" मालक म्हणाले. मी मनात टाळ्या पिटल्या. आणि तेवढ्यात पडद्यावर बोटवाल्यांचं कॉलसाइन उमटलं. मालक खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, तो आहे! आहे तो!" आकडे गेले, आकडे आले, बोटवाले पुन्हा खरखरीत विरघळले. दोस्ताला तब्येत कशी आहे हेसुद्धा विचारता आलं नाही.

भाचीनं डोकं खाजवलं. "थांबा काका. दुसरं आहे. त्यात टाइप करू तसं अक्षर न् अक्षर पलीकडे उमटतं." तिनंच बोटवाल्यांना निरोप धाडून वेळ ठरवली.

पुढच्या रविवारी मालक कीबोर्डपुढे बसले. बोट एका अक्षरावर पडायचं ते चार वेळा पडायचं. दोन शब्दांत त्यांना घाम फुटला. मी फळीवरून पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

बाई दारात उभ्या होत्या. आत आल्या.

"सरका. तुम्ही बोला, मी टाइप करते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमचं बोलणं तर कळतं ना? सांगा."

मालक सांगू लागले, बाईंची दहाही बोटं पळू लागली. काय पळत होती! मालकांनी हाताचं सगळं सांगितलं; मध्ये ते अडले तिथं बाईंनी न विचारता वाक्य पुरं केलं.  मग धबधब्यात रेघ उमटली आणि अक्षरं येऊ लागली: "मूर्खा, मला वाटलं मी चेष्टा केली म्हणून तू तोडलंस. रोज ऐकत बसायचो." मालक रडले. बाईंनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्यानं टाइप केलं, "ते रडतायत. जरा थांबा."

आजवर त्यांचं हसणं-रडणं माझ्यातून गेलं होतं. त्या दिवशी ते डबीतून गेलं. आणि त्या खोलीचं वावडं असलेल्या बाई आता रविवारी सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन बसतात. कोण कुणाची सवत झाली, तुम्हीच ठरवा.

मी अजून फळीवरच आहे. पण एक गोष्ट त्या डबीला ठाऊक नाही. दुपारी बाई वर्गाला गेल्या की मालक मला खाली काढतात, मांडीवर घेतात आणि ठोकू लागतात. तुटकी टिंबं, फुटक्या रेघा. त्यांचा अर्थ कुठल्याच कॉम्प्युटरला लागणार नाही, मला लागतो. ते म्हणतात, "भीती वाटते. आज हात, उद्या पाय. हिला किती राबवू? हिला सांगवत नाही." कडी वाजली की मला फळीवर ठेवतात आणि बाईंना विचारतात, "दमलीस का गं?"

पहिल्या दिवशी मी आनंदानं फुगले होते. डबीला नाही, बायकोला नाही, मला सांगितलं! पण ते रोजच तेच सांगतात, आणि पाठीवर ठेवायला मला हात नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. बाईंना कुणीतरी सांगा, टिंबारेघा शिकून घ्या म्हणावं. दहा बोटं पळवणारीला काय अवघड आहे! आणि एखाद्या दुपारी वर्ग लवकर सोडून या, आवाज न करता दाराशी उभ्या राहा, ऐका. माझं मेलीचं होतं नव्हतं तेवढंही त्यांचं होईल, ठाऊक आहे मला. होऊ दे. फक्त निरोप तुम्हीच पोचवा. मला आता तार जोडलेली नाही.