आधी गोळी, मग पत्ते

बाबा गेल्यावर आईने एक सिद्धांत मांडला. "ते चालून चालून गेले. मी बसून राहिले, म्हणून राहिले."

पुरावा तिच्या बाजूने होता. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर. निवृत्त झाल्यावरही रोज पहाटे टेकडीवरच्या बागेत फिरायला जायचे, उकडलेलं खायचे, आणि औषध ही आळशी माणसाला झालेली शिक्षा आहे, असं आम्हाला ऐकवायचे. आई दिवसभर मशीनवर पडदे शिवायची, तळलेलं चापून खायची आणि मूठभर गोळ्या गिळायची. बाबा एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेले. पुढे आईच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला, पण ती ठणठणीत घरी आली.

ठणठणीत म्हणजे तिच्या मते. डॉक्टरांच्या मते दुसरी नळीही अरुंद होती. गोळ्या आणि रोजचं चालणं, दोन्ही नीट झालं तर निभावेल. नाहीतर छाती उघडावी लागेल.

"गोळ्या घेईन," आई म्हणाली. "चालणार नाही. एका घरातून एवढं चालणं पुरे झालं."

मी विनवलं, रागावले, अबोला धरला. अबोला तिला मानवला. मशीनचा आवाज वाढला, एवढंच.

मग एका रविवारी सकाळी दारात तिघे उभे राहिले: बाबांचे फिरायला जाणारे सोबती. निवृत्त पोस्टमन, दातांचे डॉक्टर, आणि ज्यांना सगळे लंबू म्हणतात ते गृहस्थ. लंबू सहसा बोलत नाहीत.

"वहिनी," पोस्टमन म्हणाले, "एक भिडू कमी पडतोय."

"कसला भिडू?"

दातांचे डॉक्टर स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. "पत्त्यांचा."

"हे पत्ते खेळायचे? हे तर फिरायला जायचे!"

"जायचे ना. बाकापर्यंत."

आईने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "वीस वर्षं मला ऐकवलं, ऊठ, जरा अंग हलव! आणि स्वतः तिकडे बूड टेकून पत्ते कुटत होते?" आणि ती हसायला लागली. पदराने डोळे पुसत, मशीनला धरून हसली. बाबा गेल्यापासून या घरात असं कुणी हसलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले.

परत आले तेव्हा ती विचारत होती, "खेळायचे कसे?"

"भिकार," पोस्टमन म्हणाले. "हुकूम आधीच उधळून टाकायचे."

"वाटलंच मला." माहेरी आईसमोर पत्त्यांना बसायला कुणी धजत नसे. "मांडा डाव. इथेच."

"इथे नाही. बागेतच. आमचा नियम आहे."

"माझ्या हृदयात लोखंड आहे, भावजी!"

"माझ्या गुडघ्यात आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "चला, हळूहळू जाऊ."

ती निघाली, मागोमाग मी. दर दोन झाडांनंतर थांबली, बाबांना उद्देशून काहीबाही पुटपुटली आणि वर पोचली. चिंचोळ्या बाकापुढे दगडी टेबल होतं. डॉक्टरांनी पत्ते पिसले, पण वाटले नाहीत. तिघांनी खिशातून आपापली गोळी काढली, एकमेकांना दाखवली आणि पाण्याबरोबर गिळली.

"हे काय नवीन?"

"गोळी दिसल्याशिवाय पान नाही," पोस्टमन म्हणाले. "मास्तर गेल्यापासून."

आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी दातांचे डॉक्टरच बोलले. "त्यांना बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, वहिनी. घेतल्या नाहीत. चालणाऱ्याला गोळी कशाला, म्हणाले, आणि हसले." त्यांनी पत्ते खाली ठेवले. "आम्हीही हसलो."

मला हे ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं. तिने पत्त्यांचा गठ्ठा नीट रचून ठेवला.

"म्हणजे चालण्याने नाही गेले."

"चालण्याने तर एवढे टिकले," लंबू म्हणाले.

"छे! गोळी घेतली असती तर आज इथे हरत बसले असते," डॉक्टर म्हणाले.

"तू दात उपट," पोस्टमन उसळले. "हृदयातलं तुला काय कळतं? मी आयुष्यभर जिने चढलो, म्हणून आज…"

"म्हणून आज तीन रंगांच्या गोळ्या खातोस!"

"भांडा नंतर," आई म्हणाली. "पान वाटा."

"तुमची गोळी?"

"घरी राहिली."

"मग पान नाही."

आई माझ्याकडे वळली. "बघतेस काय? पळ!"

मी पळाले. उतारावरून, माझ्या वयाला न शोभेल अशी. परत आले तेव्हा ती पोस्टमनच्या बाहीकडे संशयाने बघत होती. तिने गोळी सगळ्यांना दाखवून गिळली आणि हात पुढे केला. त्या दिवशी ती आणि लंबू सगळे डाव जिंकले.

काही महिन्यांनी तपासणीला मी बरोबर होते. हृदयाच्या डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. "औषध छान लागू पडलं," ते म्हणाले. "की चालणं? काय करता रोज?"

"जिंकते," आई म्हणाली.

पुढची वेळ त्यांनी सकाळची दिली. आईने साफ नकार दिला.

"दुपारी सांगा. सकाळी मी नसले तर तिकडे तिघंच उरतात."