पाचवं शील

आशालताताईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. २००६ साली परदेशात, वुडलँड्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर रविवारची बुद्धवंदना चाले. तिथेच त्यांना वंदनेला येणाऱ्या एकताच्या पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीखाली वळ दिसले.

तिचा नवरा प्रबोध मरीन इंजिनिअर. पोलिसांत गेलं तर त्याची नोकरी जाणार, आणि त्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या पासवर तिथे राहणारी एकताही मायदेशी परत पाठवली जाणार. म्हणून आपसातच मिटवायचं ठरलं. प्रबोध म्हणाला, "ताई, दारूमुळं होतं." झालं! ताईंना रोग सापडला. पुढच्या रविवारी अठरा कुटुंबांसमोर त्यांनी त्याला पाचवं शील, मद्यपान न करण्याचं, तीनदा म्हणायला लावलं. "साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले. ताईंचे डोळे भरून आले.

आणि पठ्ठ्याने शब्द पाळला. तीन महिने थेंबाला शिवला नाही. ताई ज्याला त्याला त्याचं उदाहरण देत सुटल्या.

मग एका दुपारी एकता दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजलेला.

"परत प्यायला?" ताई कडाडल्या.

"नाही ताई, पीत नाहीत ते. आधी पिऊन झोपायचे तरी. आता शुद्धीत मारतात. सांगू कुणाला? तुम्ही सगळ्यांनी त्यांना सुधारलेलं ठरवलंय."

ताईंनी तिला आत घेतलं. पंचशीलातलं पहिलंच शील हिंसा न करण्याचं. ते त्याच्याकडून वेगळं म्हणवून घ्यावं, हे एकालाही सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"उतावीळपणा नको," त्यांचे यजमान निशिकांत म्हणाले. "समाजाचं नाव जाईल. रविवारी बसून समजावू त्याला."

"बसा तुम्ही," म्हणत ताईंनी पायांत चपला सरकवल्या.

लिफ्टमध्ये एकताने विचारलं, "माझा पास गेला तर?"

"माहीत नाही गं." ताईंना खोटं बोलवेना. "पण जीव तरी वाचेल."

पोलीस स्टेशनात बाई अधिकारी इंग्रजीत शांतपणे विचारत होती, एकता सांगत होती. शेवटी त्या अधिकारी बाईने विचारलं, "हे यापूर्वी आणखी कुणाला माहीत होतं?"

एकताने ताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पोर अजूनही त्यांनाच सांभाळून घेत होती.

"मला," ताई म्हणाल्या. "लिहून घ्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."