एका माणसाचा दिवा

मुलांना रविवारचा कचरा घेऊन यायला सांगायची कल्पना माझीच. ओला नाही, सुका. घरात दिवसभर जे जे फेकलं जाईल ते एका पिशवीत भरायचं, पिशवीवर नाव घालायचं नाही आणि सोमवारी चौथीच्या वर्गात आणायचं. मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. "बाई, पर्यावरणाचा धडा आहे तो. चित्रं दाखवून भागलं नसतं का?" मी म्हटलं, "चित्रातल्या कासवासाठी मुलं हळहळतात आणि मधल्या सुट्टीत बिस्किटाचा कागद खिडकीतून खाली टाकतात. त्यापेक्षा स्वतःचा कचरा बघू दे की एकदा." माझ्यापुढे ते फारसं बोलत नाहीत. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की मी कोणाचीच गय करत नाही, त्यांचीसुद्धा नाही. शेवटी त्यांनी आपल्या टेबलावरची कुंडी बक्षीस म्हणून देऊ केली. ज्याची पिशवी सर्वांत हलकी, त्याला ती कुंडी.

त्या ढिगात मी माझीही पिशवी ठेवली. मुलांना जे करायला सांगायचं ते आधी आपण करावं, हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. खरं म्हणजे माझी पिशवी सर्वांत हलकी भरणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांनी बघावं अशी माझी इच्छा होती.

त्या सोमवारी माझं चित्त तसंही थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळपर्यंत मला वन्संना उत्तर द्यायचं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर नोकरी केली, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या इमारतीत एकट्या राहिल्या. आता ती इमारत पाडणार होते. त्यांनी फोन करून सरळ विचारलं, "तुझ्याकडे येऊ का गं राहायला? तुझी मागची खोली रिकामीच तर असते." मी म्हटलं, "बघते, सांगते." तेव्हापासून मी नुसती बघतच होते. फोन आला की हात ओले आहेत म्हणायचं, नाहीतर वर्गावर निघालेय म्हणायचं. शेवटी त्याच म्हणाल्या, "हे बघ, वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय. हो की नाही, काय ते एकदा सांगून टाक."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, आणि तेही चांगलं तत्त्वाचं. वन्सं म्हणजे उधळपट्टीचा कळस! भांडी घासता घासता नळ तसाच सोडून बाहेर येतील आणि गप्पा मारत बसतील. भर दुपारी तिन्ही खोल्यांत दिवे. रेडिओ लावून झोपतील, आणि कोणी बंद केला की टक्क जाग्या होऊन विचारतील, "का गं बंद केलास?" मुलांना थेंबाथेंबाचा हिशोब शिकवणाऱ्या बाईने असं माणूस घरात आणायचं तरी कसं?

यातलं एकही अक्षर खोटं नाही, पण ही सगळी सबब होती. खरी गोष्ट अशी की वन्सं हसल्या की हे हसल्यासारखं वाटतं. तसंच, आधी नाकातून आणि मग खांदे हलवत. हे गेले तेव्हा वन्सं माझ्याकडे राहायला आल्या होत्या. एका दुपारी कशावरून तरी त्यांना हसू आलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून उभी राहिले. ते हसू रोज सकाळी उठून ऐकणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

तर, वर्ग. बाकं भिंतीला सरकवली, जमिनीवर जुने पेपर पसरले, प्रयोगशाळेतला तराजू आणला. एकेक पिशवी उपडी करायची, तोलायची आणि हे घर कसं असेल ते ओळखायचं. मुलांना भलताच चेव चढला.

"या घरात बाळ आहे!"

"इथे कोणाला तरी नवे बूट आणलेत!"

"हे लोक नुसत्या वेफर्सवर जगतात!" यावर एकाने मान खाली घातली, त्यामुळे ती पिशवी कोणाची ते न सांगताच कळलं.

मग माझी पिशवी निघाली. दुधाची रिकामी पिशवी, धुऊन, वाळवून, घडी घातलेली. ब्रेडचा कागद. गोळ्यांची एक संपलेली पट्टी. पारडं जेमतेम हललं. आता कोणीतरी "वा!" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते.

"या घरात कोणी राहतच नाही," मागून एकजण म्हणाला.

"राहतं रे. मग गोळ्या कोण खातं?"

"आजारी माणूस राहतं."

"आणि त्याच्याकडे पाहुणे येत नाहीत."

"ही पिशवी माझी आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण तराजूजवळची मुलं दचकली. मग कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. मुलं बिचारी, टाळ्या वाजवायला नेहमीच तयार असतात.

सर्वांत जड निघाली ती वकीलबाईची. माझ्या वर्गातल्या या पोरीला सगळी शाळा वकीलबाईच म्हणते, कारण वाद घातल्याशिवाय तिला घास उतरत नाही. तिची पिशवी कसली, गोणीच होती. मुलांनी हुर्यो केली. ही कमरेवर हात ठेवून उभी.

"बाई, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"आमच्या घरी आजी, आजोबा, आई, बाबा, काका, काकू, आत्या, आत्याचं बाळ आणि आम्ही चार भावंडं. सगळ्यांचा मिळून हा कचरा आहे. तुमच्या घरी किती माणसं?"

"एक."

"मग भागायला नको? तुम्हीच शिकवलंय ना, प्रत्येकाच्या वाट्याला किती ते काढायचं तर भागाकार करायचा."

मला हसू आलं. म्हटलं, पोरगी हुशार आहे. फळ्यावर भागाकार केला. तरीही माझाच कचरा कमी भरला, पण अगदी थोडक्यात. मी खडू ठेवणार तेवढ्यात तिचा पुढचा प्रश्न आला.

"बाई, तुमच्याकडे संध्याकाळी दिवे किती लागतात?"

"एक," मी ताठ मानेने सांगितलं. "ज्या खोलीत बसते तेवढाच."

"आमच्याकडेपण एकच. बाबा आतले लावूच देत नाहीत, सगळे बाहेरच्या खोलीत बसतो. आमचा दिवा बाराजणांना पुरतो आणि तुमचा तुम्हाला एकटीलाच." तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे बाई, तुमचा दिवा वाया जातो."

कोणीतरी खुदकन हसलं. ती मात्र हसत नव्हती. गणित सुटलं नाही की तिचा चेहरा होतो तसा झाला होता, आणि मग ते एकदम सुटलं.

"तुम्ही आमच्याकडे येऊन बसत जा ना! आमचा तर लागलेलाच असतो."

"खाली बस!" मी ओरडले. "आगाऊपणा पुरे झाला!"

ती मटकन खाली बसली. रडली मात्र नाही. दारात मुख्याध्यापक उभे होते, त्यांना यातलं काय कळलं देव जाणे. ते हसत हसत आत आले आणि कुंडी माझ्या हातात देत म्हणाले, "बक्षीस बाईंनाच!" पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी तिने वाजवल्या नाहीत.

शाळा सुटली आणि पाय घराकडे वळेनात. कुंडी घेतली आणि वन्संच्या बाजूची बस पकडली. खिडकीशी बसून वाटभर मनात एकच वाक्य घोकत होते, वन्सं, तुम्ही माझ्याकडे या. बसमधल्या एका बाईने विचारलं, "वाढदिवस का कोणाचा?" मी उगीचच हो म्हटलं.

वन्संचं दार सताड उघडं होतं. तिन्ही खोल्यांत दिवे, आत नळ सुरू, रेडिओवर बातम्या. भिंतीशी बांधलेली खोकी.

"अगं, तू!" वन्सं म्हणाल्या. "आणि झाड काय आणतेस वेडाबाई, हे घर पाडणारेत!"

मी घोकलेलं वाक्य बोलायचं, तर तोंडातून भलतंच आलं. "नळ केव्हाचा सुरू आहे, वन्सं?" आत जाऊन नळ बंद केला. तिथला दिवा बंद केला. मधल्या खोलीतला केला. बोलत होतेच, की लोकांना प्यायला मिळत नाही आणि इथे नद्या वाहतायत. बाहेरच्या खोलीत आले आणि हाताच्या सवयीने तिथलंही बटण खाली केलं.

खिडकीबाहेर सूर्य मावळला होता. खोलीत अंधार झाला.

"अगं," अंधारातून वन्संचा आवाज आला, "मी आहे ना अजून इथे."

मी पटकन दिवा लावला. त्या खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर घड्या घालायचे कपडे. रागावल्या नव्हत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वन्सं, माझ्याकडे चला," मी म्हटलं. "उद्याच चला."

त्यांनी हातातली घडी पुरी केली. "दुपारीच त्यांना हो म्हणून कळवलं गं."

"संध्याकाळपर्यंत मुदत होती ना?"

"होती की. पण तुझं उत्तर मला कधीच कळलं होतं. तोंडाने सांगणं तुझ्या जिवावर आलं असतं. म्हटलं, आपणच सोडवावी बिचारीला."

"मग फोन करा त्यांना. नाही म्हणून सांगा."

"नको. त्या खोलीत आम्ही चौघी असू. त्यातली एक म्हणे दिवसभर बडबड करते, बाकीच्यांची तक्रार आहे. माझं तिच्याशी छान जमेल." आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत. "तुझ्याकडे आले असते ना, तर मी पाय न वाजवता चालले असते आणि तू माझ्यामागून बटणं बंद करत फिरली असतीस. कशाला दोघींना शिक्षा?"

माझा बांध फुटला. म्हटलं, "नळाचं काही नव्हतं हो. दिव्यांचंही नव्हतं. तुम्ही हसता ना, ते अगदी यांच्यासारखं..."

"माहितीय मला," वन्सं म्हणाल्या. "एकटी असताना हसू आलं तर मलासुद्धा तोच ऐकू येतो. रेडिओ काय मी हौसेने लावून ठेवते?"

मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले. उरलेल्या कपड्यांच्या घड्या दोघींनी मिळून घातल्या. त्या बोलत होत्या, मी ऐकत होते, आणि एकदा त्या हसल्या तेव्हा मी उठून आत गेले नाही. इतकंच तर करायचं होतं. इतकंच करता आलं नाही म्हणून त्या आता परक्या बायकांत राहायला जाणार होत्या. निघताना मी म्हटलं, "दर रविवारी तिकडे येत जाईन." त्या म्हणाल्या, "ये. पण बटणांना हात लावलास तर याद राख!"

घरी आले. कुंडी टेबलावर ठेवली, दिवा लावला आणि त्याच्याखाली बसून राहिले. काही वाचलं नाही, वह्या तपासल्या नाहीत. ती पोरगी बरोबर बोलली होती. वाया जात होता.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी मी कुंडी वकीलबाईच्या बाकावर नेऊन ठेवली. "काल माझी चूक झाली," मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं. "दिव्याचा भागाकार करायला मी विसरले. हे बक्षीस हिचं आहे. आणि मी हिच्यावर ओरडले, तीही माझीच चूक."

तिने कुंडी आधी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली, मग माझ्याकडे बघितलं. कालचा राग अजून पुरता गेला नव्हता.

"मग येणार का आमच्याकडे बसायला? मी आईला विचारलंय. ती हो म्हणाली."

"येईन," मी म्हटलं. "आज दिवेलागणीला."

"या. पण भिंतीला टेकायची जागा आजोबांची आहे. तुम्हाला दाराजवळ बसावं लागेल."

"चालेल," मी म्हटलं, आणि हजेरीचा पहिला नंबर पुकारला.