सत्ताविसावी जागा

लेन ब्रिंकवर्थने तिसरी खुंटी उपटली आणि ती हातात धरून तो तसाच उभा राहिला. टोकाला नारिंगी फीत बांधलेली, नव्या लाकडाची खुंटी. ठेकेदाराच्या माणसाने आदल्या दिवशी अशा चौसष्ट खुंट्या मैदानभर ठोकल्या होत्या. लेनने सकाळी सहालाच त्या मोजल्या होत्या. एकोणीस खुंट्या नको त्या ठिकाणी होत्या आणि ही तिसरी नेमकी पर्सी ग्विलियमवर.

उपटून काही होणार नव्हतं. त्याने ती परत त्याच भोकात घातली, टाचेने दाबली आणि एक डोळा मिटून सरळ आहे का ते पाहिलं. चाळीस वर्षं त्या मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती. तिथे काही वाकडं ठेवून जाणं त्याला जमणारं नव्हतं.

क्लबचा अध्यक्ष रोरी टिडमार्श कुंपणाशी गाडी लावून आला. रोरीचा धंदा छपरं शाकारण्याचा. वय चव्वेचाळीस, चालायला शिकला तो याच गवतावर. खुंट्या चुकल्यात का, असं त्याने विचारलं. लेन म्हणाला, चुकलेल्या नाहीत, पण इथे खणू नये. का, ते त्याला सांगता येईना.

"पाणी तुंबतं, पाणी तुंबतं म्हणून पंधरा वर्षं कोण ओरडत होतं, लेन? मी?"

"मीच."

"गेल्या हिवाळ्यात अकरा सामने रद्द झाले. आता कुठे मंजुरी आली, आणि तुम्हीच आडवे पडताय."

लेनने तेवढं एकच विचारलं, की खरवडलेली माती जाणार कुठे. काम असं होतं: वरचा वीतभर थर काढायचा, खाली चर खणून नळ घालायचे, वर वाळू मिसळलेली नवी माती टाकायची. जुनी माती, रोरी म्हणाला, ट्रकने जाईल, मोठ्या रस्त्याच्या भरावाला. सोमवारी सकाळी यंत्र येतंय.

तो मंगळवार होता.

विदरकोम म्हणजे तीनशे दहा घरं, एक चर्च, एक पब आणि बंद पडलेली दगडाची खाण. खाण चालू होती तेव्हा, १९२५ साली, खाणकामगारांनी हा रग्बी क्लब काढला. जमीनदाराच्या विधवेने त्यांना ओढ्याकाठचं शेत दिलं, कारण तिथे गहू कुजायचा. गहू कुजायचा तिथे माणसं खेळायला लागली. खाण गेली, शाळा गेली, पोस्ट गेलं, बस आठवड्यातून दोनदा यायला लागली. पण शनिवारी दुपारी अडीचला पंधरा माणसं लाल-काळे सदरे घालून मैदानात उतरली नाहीत, असं युद्धाची वर्षं आणि तुंबलेलं पाणी सोडलं तर झालं नाही.

लेन स्वतः एकदाच खेळला होता, १९७९ मध्ये, अकरा मिनिटं. खांद्याचं हाड मोडलं. पुढे १९८४ मध्ये जुना देखभाल करणारा वारला, तेव्हा रस्तादुरुस्तीच्या टोळीतल्या या माणसाला रोलर ओढता येईल, म्हणून त्याच्या हाती शेडची किल्ली आली. त्याची बायको ग्लेनिस तेव्हापासून मध्यंतराला संत्री द्यायची. संत्र्याचे चार तुकडे, बादलीत, वर ओला पंचा. मधल्या रेघेपाशी, कडेच्या दोरीला लागून ती उभी राहायची. पाऊस असला तरी छत्री घ्यायची नाही, कारण दोन्ही हात बादलीला लागायचे.

गावात एक चाल होती. जुना खेळाडू गेला की घरचे त्याची रक्षा मैदानावर विखरायचे. मग १९८९ च्या उन्हाळ्यात दोन्ही टोकांच्या गोलखांबांपुढचं गवत ताटाएवढ्या गोलांत जळालं. रोग समजून तज्ज्ञ बोलावला. त्याने चिमूटभर माती तपासली आणि म्हणाला, हा रोग नाही, हे तुमचे म्हातारे आहेत; हाडांच्या राखेत क्षार असतो, गवताला तो सोसत नाही. समितीने ठराव करून ती चाल बंद केली.

त्याच वर्षी डिसेंबरात पर्सी ग्विलियमची बायको बिस्किटांचा डबा घेऊन शेडच्या दाराशी आली. ठराव तिला माहीत होता. ती काही मागतही नव्हती, नुसती उभी होती. लेनने डबा घेतला.

मग त्याने रीत शोधली. बागेतली माती चाळायची, पानांचं खत घालायचं, वीस वाटे मातीला एक वाटा रक्षा, आणि ते मिश्रण पोत्यात भरून हिवाळाभर ठेवायचं. वसंतात पहाटे मैदानात जायचं. फावड्याच्या पात्याएवढा गवताचा चौकोन कापून उचलायचा, खाली मिश्रण भरायचं, चौकोन परत बसवून पायाने दाबायचा. दोन आठवड्यांनी त्यालाही जागा दिसायची नाही. जागा कोणती, हा प्रश्नच नव्हता. पर्सी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे गडी डोकी अडकवून एकमेकांना रेटतात तिथे, डाव्या बाजूला असायचा. तो तिथेच गेला. पळणारे कडेला गेले, लाथ मारणारे खांबांसमोर.

कोणाला सांगू नका, असं तो प्रत्येक घराला सांगायचा. पर्सीच्या बायकोनंतर दुसरं घर आलं, मग तिसरं. त्यांना कोणी पाठवलं, हे त्याने कधी विचारलं नाही. रस्त्यावरच्या खिडकीला नवा पडदा लागला तर संध्याकाळपर्यंत पबमध्ये त्याचा रंग कळतो, असं ते गाव. तिथे हे पस्तीस वर्षं टिकलं.

गुरुवारी सात वाजता क्लबच्या खोलीत सभा भरली. यंत्र येण्याआधीची नेहमीची सभा. गाड्या कुठे लावायच्या वगैरे. चाळीसेक माणसं होती. लेनने उठून आधी शेडची किल्ली रोरीपुढे टेबलावर ठेवली आणि मगच बोलला. जास्त बोलला नाही. मैदानात माणसं आहेत, सत्तावीस, ती मी ठेवली, ठराव मोडून ठेवली. मला काढायचं तर काढा, पण त्यांना भरावाला पाठवू नका.

हिलरी क्रूम कोपऱ्यात बसल्या होत्या. गावाची शाळा बंद होईपर्यंत त्या तिथे शिकवत होत्या, त्यामुळे अध्यक्षापासून सगळे त्यांना बाई म्हणत. शंभरीसाठी क्लबचा आणि गावाचा इतिहास त्या लिहीत होत्या आणि सभांचे सगळे जुने कागद त्यांच्याकडे होते. त्यांनी चष्मा लावला, पिशवीतून वही काढली आणि वर्गात वाचावं तसं वाचलं: चौदा नोव्हेंबर १९८९, यापुढे मैदानावर कोणाचीही रक्षा विखुरली जाणार नाही, एकमताने मंजूर. मग वही मिटली.

"ठराव असा आहे. आणि हेही लिहून घ्या, की तो मोडणाऱ्यांत मी आहे. २००६. माझे यजमान रेफरी होते, त्यांना ठरलेली जागा नव्हती. लेनने त्यांना बरोबर मध्यावर ठेवलं."

ट्रेव्हर बेडिस हळूच उठला. एकोणसत्तर वर्षांचा, मान खांद्यांत रुतलेला जुना स्क्रमवाला. "मला वाटत होतं, फक्त आमचाच बाप आहे," तो म्हणाला.

"मलाही तेच," मागून एक बाई म्हणाली. आणखी दोघं तेच म्हणाली. मग एकमेकांकडे बघणं सुरू झालं. खोलीतल्या अर्ध्या लोकांनी एकच गुपित आपापल्या घरात निरनिराळं सांभाळलं होतं.

"बापाच्या शेजारी कोण आहे रे?" ट्रेव्हरने विचारलं.

"डाव्या हाताला पर्सी."

"पर्सी? कुंपणावरून भांडण झालं तेव्हापासून बोलत नव्हते ते, वीस वर्षं."

"स्क्रममध्ये शेजारीच असायचे," लेन म्हणाला. "मी जागा बदलली नाही."

रोरी उभा राहिला. नियम म्हणजे नियम, ठेकेदाराशी करार झालाय, असं काहीतरी तो सुरू करत होता. पुढच्या रांगेतून त्याची आई मोइरा मागे न बघता म्हणाली, "खाली बस, रोरी. तुझा आजोबा तिथेच आहे. चहाच्या डब्यातून नेला मी त्याला."

रोरी बसला. थोड्या वेळाने त्याने लेनला विचारलं, सगळ्यांच्या जागा लिहून ठेवल्यात का. लेन म्हणाला, लिहिल्या असत्या तर पुरावा झाला असता. मग आठवतात का? आठवतात. सगळ्यांच्या? प्रश्नच लेनला चमत्कारिक वाटला असावा.

ठरलं ते असं: यंत्र येण्याआधी, रविवारी, प्रत्येक चौकोन खालच्या मातीसकट हाताने उचलायचा, शेडमागे सावलीत ठेवायचा, काम झालं की आपापल्या जागी परत. मतदान घेतलं नाही. किल्ली टेबलावर पडून होती. निघताना मोइराने ती उचलून लेनच्या कोटाच्या खिशात टाकली.

रविवारी चर्च सुटल्यावर लोक फावडी घेऊन आले. कोणी घमेली आणली होती, कोणी पावाचे ट्रे. लेन खांबाला पाठ लावून उभा राहायचा आणि चालायला लागायचा. अकरा पावलं पुढे, चार डावीकडे. थांबायचा, बुटाचं टोक टेकवायचा, नाव सांगायचा. हिलरीबाई मागून फीत धरून अंतर मोजत आणि कागदावर बिंदू काढत होत्या. तीन ठिकाणी त्यांनी मुद्दाम त्याला पुन्हा खांबापासून चालायला लावलं. तिन्ही वेळा बूट मघाच्याच खुणेवर टेकला.

त्या दिवशी मैदानावर कोणी दबक्या आवाजात बोललं नाही. ट्रेव्हरने बापाचा चौकोन दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाला, तीनशे सामन्यांत एकाही रेफरीला याला बाहेर काढता आलं नव्हतं. मोइराने रोरीला बजावलं, की आजोबांना उन्हात ठेवू नकोस, त्यांना ऊन सोसत नसे. पर्सी ग्विलियमच्या घरचं कोणी उरलं नव्हतं. ट्रेव्हर दुसरी फेरी मारून त्यालाही घेऊन गेला.

दीड वाजता शेडमागे चौकोनांची रांग लागली होती. हिलरीबाईंनी बिंदू मोजले, मग ट्रे मोजले.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "तू सभेत सत्तावीस म्हणाला होतास."

लेन मधल्या रेघेच्या टोकाशी गेला आणि दोरीच्या बाहेर थांबला. गावात ती जागा सगळ्यांना माहीत होती. टोपीएवढा उघडा तुकडा, गवत न धरणारा. अकरा वर्षं पबमध्ये त्यावर थट्टा चालायची: अख्खा जिल्हा गवत बघायला येतो आणि याला वीतभर जागा झाकता येत नाही. ट्रेव्हरने तर एका नाताळात त्याला हिरव्या रंगाचा डबा भेट दिला होता. लेन हसून घ्यायचा आणि दर सप्टेंबरात तिथे पुन्हा बी टाकायचा.

ट्रेव्हर पुढे येत होता, तो मध्येच थांबला.

लेन गुडघ्यांवर बसला. फावडं न घेता त्याने खिशातली लहान करणी काढली. उद्या यंत्र इथूनच आत येणार, तो म्हणाला, नाहीतर हिला हलवायची गरज नव्हती. ही काही मैदानात नाही. माती फिकी, करडी होती. एवढ्या वर्षांनंतरही ती वेगळी ओळखू येत होती.

हिलरीबाई त्याच्या बाजूला वाकल्या. बाकीचे दूरच थांबले.

"ग्लेनिसला मिसळलं नाहीस तू."

"माती चाळून ठेवली होती," लेन म्हणाला. "पोतंही आणलं होतं." त्याने करणीने कड सरळ केली. "नाही जमलं, बाई."

त्यांनी पावाचा ट्रे त्याच्याजवळ सरकवला. कागदावर त्यांनी शेवटचा बिंदू रेघेच्या बाहेर काढला आणि त्यापुढे दोन तारखा लिहिल्या. इतिहासाच्या पुस्तकातली कप्तानांची यादी आधीच छापायला गेली होती. हा नकाशा तिच्याही आधी, पहिल्या पानावर घ्यायचा, असं त्यांनी छापखान्याला सोमवारी कळवलं.

काम झाल्यावर चौकोन आपापल्या जागी परत गेले, पण नवं गवत धरेपर्यंत सुरुवातीचे सामने बाहेर खेळावे लागले. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी विदरकोम आपल्या मैदानावर उतरलं. आठवडाभर पाऊस लागला होता आणि कुठे थेंबभर पाणी साचलं नव्हतं. लेनने सकाळी पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. खांबांपुढे, कडेला आणि दोरीबाहेरच्या त्या तुकड्यावरही गवत एकसारखं होतं. कोण कुठे आहे, ते ओळखता येत नव्हतं.

अडीचला शिट्टी वाजली. एवढी गर्दी बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. मधल्या रेघेपाशी माणसं दोरीला लागून खांद्याला खांदा भिडवून उभी होती. मागचे पुढे घुसत होते, पुढचे ढोपरं मारत होते. त्या दाटीत एका माणसाची जागा मोकळी होती. लेन शेडच्या दारातून बघत होता. ट्रेव्हर उशिरा आला, रांगेत शिरायला फट शोधू लागला, ती मोकळी जागा त्याला दिसली. तो दोन पावलं मागे सरला आणि तिच्यामागे टाचा उंचावून उभा राहिला.